पहिल्या धारेचा नमुना

मंगलीबाईंच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला दीड वर्षात चार वेळा रांजणवाडी झाली. चारही वेळा एकाच जागी. पहिल्या तिन्ही वेळा देवरीच्या डॉक्टर कैलाश यांनी पापणी उलटवून ती खरवडून काढली, मलम दिलं आणि डोळ्याला हात लावत जाऊ नका म्हणून सांगितलं. मंगलीबाईंनी डोळ्याला हात लावणं बंद केलं. रांजणवाडीनं येणं बंद केलं नाही.

देवरीपासून अकरा किलोमीटरवर, जंगलाला लागून असलेल्या त्यांच्या गावात या विषयातल्या जाणकारांची कमतरता नव्हती. कोणी उष्णता म्हणत होतं, कोणी चुलीचा धूर. एका शेजारणीचं म्हणणं असं होतं की पाहू नये ते पाहिलं की रांजणवाडी होते.

"या उमरीत कोनाले पाहून राहिली वो मंगली?" ती हातपंपावर विचारायची.

"तुह्याच घरवाल्याले," मंगलीबाई म्हणायच्या. "पाहन्यासारखं काही दिसलं नाई अजून."

त्यांची मुलगी प्रिया देवरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होती. तिला दोन गोष्टी खटकल्या आणि तिनं त्या वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवल्या. एक, गाठ दर वेळी नेमकी त्याच ठिकाणी येते. दोन, गाठीसमोरच्या पापणीचे केस गळाले आहेत आणि परत उगवलेले नाहीत. साध्या रांजणवाडीला केस खायची सवय नसते, एवढं तिला माहीत होतं.

चौथ्या वेळी ती आईबरोबर दवाखान्यात गेली. वडील उदेभान बाहेरच्या बाकावर बसले.

"डॉक्टर, आधीच्या तीन वेळचे तुकडे कुठे आहेत?" प्रियानं विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"तपासायला पाठवले होते का?"

डॉक्टर कैलाश वाईट माणूस नव्हते. रात्रीबेरात्री बोलावलं तरी ते मोटारसायकल काढत. त्यांनी हातमोजे चढवत शांतपणे उत्तर दिलं, "बेटा, रांजणवाडी कोण तपासतं? पिवळ्या पिशवीत टाकले. जैविक कचरा पिवळ्याच पिशवीत टाकायचा असतो." नियम पाळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"या वेळी पाठवू या."

डॉक्टरांनी मंगलीबाईंच्या पापणीकडे पाहिलं, मग प्रियाकडे, आणि ते नाही म्हणाले नाहीत. कॅलेंडरच्या मागे खोचलेला गोंदियाच्या एका पॅथॉलॉजी लॅबचा छापील फॉर्म सापडला. फॉर्मवर लिहिलं होतं की नमुना फॉर्मलिनमध्ये पाठवावा. काढलेला तुकडा सडू नये, पेशी आहेत तशा राहाव्यात म्हणून तो या द्रवात ठेवतात. दवाखान्यात फॉर्मलिन नव्हतं.

प्रिया समोरच्या मेडिकलमध्ये गेली. मालक औषधं मोजता मोजता म्हणाला, "फॉर्मलिन? बेटा, वो तो मुर्दे के लिए होता है. अपने यहाँ सब ज़िंदा कस्टमर आते हैं." कॉलेजातल्या प्रयोगशाळा सहायकाला तिनं फोन केला. कॉलेजात बेडूक कापणं बंद झालं तेव्हापासून फॉर्मलिनही बंद होतं. आता बेडूक प्लास्टिकचा होता आणि तो सडत नव्हता. दवाखान्यातलं स्पिरिट सकाळीच संपलं होतं. कोरोनाच्या काळातलं सॅनिटायझर दोन खोके शिल्लक होतं, पण ते जेली होऊन बसलं होतं.

तोवर डॉक्टरांनी गाठ काढली होती. सलाइननं भिजवलेल्या कापसाच्या पट्टीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळसर तुकडा पडला होता.

उदेभान दारात येऊन उभे राहिले. ते कमी बोलत. "दारूत राहते का तो?" त्यांनी मुलीला विचारलं.

"राहतो बाबा. पण तेज पाहिजे. पन्नास टक्क्यांच्या वर तरी."

उदेभानना टक्के माहीत नव्हते. त्यांना धार माहीत होती. मोहाची दारू गाळताना सगळ्यात आधी थेंब थेंब येते ती पहिली धार. तिच्यात पाण्याचा अंश सगळ्यात कमी असतो. अर्ध्या तासानं ते खोकल्याच्या औषधाची धुतलेली शिशी घेऊन आले. त्यातलं थोडं चमच्यात ओतून त्यांनी काडी लावली. निळी ज्योत उभी राहिली.

"पन्नासच्या वर आहे," प्रिया म्हणाली.

डॉक्टरांनी शिशी नाकाजवळ नेली आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तिथंच ठेवली. "काका, हे कुठून आणलं ते मला सांगू नका."

"कोन सांगून राहिलं?" उदेभान म्हणाले.

फॉर्मवर एक ओळ ठळक अक्षरांत छापली होती. नमुना कोणत्या द्रवात आहे ते अचूक लिहावे. चुकीच्या माहितीमुळे अहवाल चुकल्यास प्रयोगशाळा जबाबदार राहणार नाही. डॉक्टरांनी तिथं 'स्पिरिट' लिहिलं. प्रियानं ते खोडून लिहिलं, 'मोहाची दारू, पहिल्या धारेची, अंदाजे ५५ टक्के.' शिशीच्या लेबलवरही तेच लिहिलं. खाली आईचं नाव, वय, गाव, तारीख.

"हे काऊन लिहून राहिली?" डॉक्टरांनी घाबरून विचारलं.

"वेगळ्या द्रवात पेशी वेगळ्या आक्रसतात. पाहणाऱ्याला ते माहीत पाहिजे."

हे तिच्या तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं आणि खरं होतं. पुस्तकात नाकाबंदीवर प्रकरण नव्हतं.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागलेली होती. गोंदियाच्या रस्त्यावर एका नाक्याला मांडव घालून तपासणी पथक बसवलं होतं. एसटी थांबली. हवालदार प्रफुल बिसेन आत चढले आणि तिसऱ्या सीटवर प्रियाच्या पिशवीत त्यांना शिशी सापडली. त्यांनी लेबल मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू होत गेला.

"बाई," ते म्हणाले, "एकवीस साल झाले नोकरीले. लोकं दुधाच्या कॅनमंधी नेतात, टायरमंधी नेतात, एकानं त देवाच्या कलशात नेली. पन नाव, गाव, धार, टक्के लिहून आननारी तूच पहिली."

"ती प्यायची नाही. त्यात माझ्या आईच्या पापणीचा तुकडा आहे."

मागून कंडक्टर ओरडला, "पेशंट का सामान है साहब, जाने दो ना, बस लेट हो रही है."

तिला मांडवात नेण्यात आलं. पथकप्रमुखाच्या खुर्चीवर ताराचंद बसले होते. एरवी ते तालुक्यातले जनावरांचे सरकारी डॉक्टर. निवडणुकीपुरतं त्यांना इथं नेमलं होतं. त्यांनी शिशी उजेडाकडे धरली आणि हलवून पाहिली.

"बायोप्सी आहे ही," ते म्हणाले.

प्रियाचा जीव भांड्यात पडला. "सर, तुम्ही ओळखलंत. मग सोडा."

"ओळखलं. असले तुकडे मी नेहमी पाठवतो. पण ओळखणारा मी तिकडे, दवाखान्यात. इथे मी पथकप्रमुख आहे. पथकप्रमुखानं फक्त द्रव पाहायचा." त्यांनी मांडवाच्या कोपऱ्यातल्या व्हिडिओवाल्याकडे नजर टाकली. "कॅमेरा सुरू आहे ना रे?"

"जी सर."

"मग द्रवच आहे," ताराचंद म्हणाले, आणि त्यांनी नजर खाली वळवली.

पंचनामा झाला. पंच म्हणून कंडक्टर आणि रस्त्याकडेला बोरं विकणारा एक म्हातारा यांना बसवलं. हवालदार बिसेन यांचं अक्षर सुरेख होतं. त्यांनी लिहिलं की एका लहान काचेच्या शिशीत अंदाजे साठ मिली आंबट उग्र वास येत असलेला द्रव मिळून आला, तसेच सदर द्रवात मांसाचा तुकडा नग एक, हरभऱ्याच्या डाळीएवढा, किंमत निरंक.

"कोणाच्या मांसाचा ते लिहा," प्रिया म्हणाली. "माझ्या आईच्या."

"ते तपासात निष्पन्न होईल."

"मी सांगतेय ना."

"मंग तसं लिहितो," हवालदार म्हणाले आणि त्यांनी पुढे जोडलं, 'सदर तुकडा आपल्या आईचा असल्याचे बाळगणारीचे म्हणणे.' शिशीवर लाख ओतली गेली. मोहोर उठली. प्रियाच्या हातात जप्तीची पावती आली.

गोंदियाला ती फॉर्म आणि पावती घेऊन पोहोचली. लॅब डॉक्टर समीक्षा यांची होती. चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी आधी फॉर्म वाचला, मग पावती, मग परत फॉर्म.

"केस कधी गळाले?" त्यांनी विचारलं.

"आठ महिने झाले. तारीख आहे माझ्याकडे."

"डोळा सारखा लाल असतो? डोळे आल्यासारखा?"

"हो. थेंब घातले तरी जात नाही."

समीक्षांनी कागदावर पापणीचा आडवा छेद काढला. पापणीच्या आत तेल बनवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, त्या दाखवल्या. "या ग्रंथींचा एक कॅन्सर असतो. सेबेशियस कार्सिनोमा. तो रांजणवाडीसारखा दिसतो, म्हणून लोक तो रांजणवाडीसारखाच काढतात. त्याच जागी परत येणं, केस गळणं, बरी न होणारी लाली, ही त्याची लक्षणं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फेसाळ दिसतात, कारण त्यांच्यात तेलाचे थेंब असतात. आणि त्याची वाईट सवय म्हणजे काही पेशी गाठ सोडून वरच्या कातडीत एकेकट्या शिरतात. डोळ्यांना गाठ डाळीएवढी दिसते, आजार तिच्या पुढे गेलेला असतो."

"मग?"

"गाठ लहान असताना, पहिल्या सहा महिन्यांत सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. दोन्ही पापण्यांत पसरला, डोळ्याच्या खोबणीत उतरला, तर डोळा काढावा लागतो. कानासमोरच्या किंवा जबड्याखालच्या लसिका गाठींत गेला तर..." समीक्षांनी पेनाला टोपण लावलं. "पण हे सगळं 'जर-तर' आहे. तुकडा पाहिल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. नागपूरला पाठवून नवा तुकडाही काढता येईल. थांबू नका."

प्रियानं घरी येऊन हे सगळं सांगितलं. मंगलीबाई तांदूळ निवडत होत्या. डोळ्यावर अजून पट्टी होती.

"नाई," त्या म्हणाल्या.

"माय, कॅन्सर असू शकतो."

"चार डाव कापलं. तीन फेकले, एक पोलिसानं नेला. आता पाचवा मी देत नाई. आधी माहा तुकडा आना."

"तो मुद्देमाल झाला आहे."

"मुद्देमाल असल त्यायच्या घरचा. माह्या डोऱ्याचा होय तो."

त्या डोळ्याला डोरा म्हणत, आणि रागावल्या की जास्तच ठासून म्हणत. प्रियानं आईला दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी ती थांबली. आईच्या म्हणण्यात शास्त्रीयदृष्ट्या चूक दाखवणं अवघड होतं. चार तुकड्यांपैकी एकही ठिकाणावर पोहोचला नव्हता. पाचवा पोहोचेल असं मानायला कोणताही पुरावा नव्हता.

मग ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुद्देमालाचं काम हवालदार बिसेन यांच्याकडेच होतं. त्यांनी तिला दर वेळी खुर्ची दिली आणि एकदा चहासुद्धा पाजला.

"सुपुर्दनामा पायजे," ते म्हणाले. "कोर्टात अर्ज कर. मालकीचा पुरावा जोड."

"मालकीचा पुरावा म्हणजे काय?"

"मोटारसायकल असली त आर.सी. बुक. बैल असला त बाजाराची पावती."

"आणि पापणी असली तर?"

हवालदारांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तेच त," ते म्हणाले.

चौथ्या फेरीला त्यांनी तिला नवी बातमी दिली. द्रव दारू आहे की नाही हे ठरवायला तो नागपूरला रासायनिक तपासणीला जाणार होता. द्रवाचा नमुना वेगळा पाठवायचा असल्यामुळे तुकडा त्यातून काढून ठेवणार होते.

"कशात?"

"कागदाच्या पाकिटात. वर सील करू, घाबरू नको."

"साहेब, कागदात तो एका दिवसात वाळून जाईल. मग त्यातून काहीच कळणार नाही."

"सील राहील ना पन," हवालदार म्हणाले. "सीलले काही होत नाई."

"कधी काढणार?"

"शुक्रवारी."

त्या दिवशी बुधवार होता. मतदान होऊन आठवडा झाला होता, मांडव उठला होता, पथकं मोडली होती. प्रिया ठाण्यातून निघाली ती थेट जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. आवारात वीस-पंचवीस बकऱ्या होत्या आणि ताराचंद एकीचा जबडा धरून तिला जंताचं औषध पाजत होते. मागच्या फळीवर पाच लिटरचा पांढरा कॅन होता. त्यावर निळ्या अक्षरांत फॉर्मलिन लिहिलेलं होतं. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. देवरीच्या माणसांसाठी जे मिळालं नव्हतं, ते बकऱ्यांसाठी दोन वर्षं पुरेल एवढं होतं.

ताराचंदनीच आधी विचारलं, "काय झालं त्या तुकड्याचं?"

"सर, आज तुम्ही कोण आहात?"

त्यांनी बकरीला सोडलं. टोमणा त्यांना लागला होता, आणि तो लागावा असंच तिनं विचारलं होतं. "आज डॉक्टर," ते म्हणाले. "पुढची निवडणूक लागेपर्यंत. सांग."

तिनं शुक्रवारचं सांगितलं. ताराचंदनी हात धुतले, नीट पुसले आणि ते टेबलाशी बसले.

"माणसाचा तुकडा सोडवायचा तर कोर्ट लागतं," ते म्हणाले. "जनावराचा असेल तर माझं एक पत्र पुरतं."

"पण तो माणसाचा आहे."

"असं तू म्हणतेस. पंचनाम्यात काय लिहिलं आहे? मांस. कोणत्या प्राण्याचं, ते नाही. बाळगणारीचं म्हणणं आहे, निष्कर्ष नाही. जप्त केलेलं मांस कोणत्या प्राण्याचं ते सांगणं माझं काम आहे. मी खोटं काहीच लिहीत नाही. फक्त विचारतो आहे."

पत्र एका पानाचं झालं. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं की सदर बस जंगलव्याप्त भागातून आलेली असल्यानं प्राण्याची ओळख पटवणं तातडीचं आहे. मंगलीबाईंच्या पापणीला पंचवीस दिवसांत जे जमलं नव्हतं, ते या ओळीनं त्याच दुपारी केलं. ठाणेदार खुर्चीतून उठले. "सांबराचं निघालं तर?" ते म्हणाले. "वनखातं आपल्या गळ्यात पडेल. द्या त्यांना, आत्ता द्या, सही घ्या." द्रव पोलिसांकडे राहिला. तुकडा ताराचंदच्या बाटलीत, ताराचंदच्या फॉर्मलिनमध्ये पडला आणि गुरुवारी सकाळी समीक्षांच्या टेबलावर पोहोचला. सोबतच्या फॉर्मवर रुग्णाच्या नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलं होतं. वयाच्या जागी रेघ. तपासणीचं कारण: प्राणी कोणता?

समीक्षांनी तीन दिवस घेतले. घाईत केलेली काचपट्टी त्यांना आवडत नसे. सोमवारी दुपारी त्यांनी अहवाल लिहिला. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पहिल्या ओळीत दिलं: माणूस. मग पुढे, कोणीही न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. फेसाळ पेशींचे अनियमित पुंजके. मोठी, ठळक केंद्रकं. विभागणी होत असलेल्या पेशी जागोजागी. एका कडेला कातडीच्या वरच्या थरात शिरलेल्या सुट्या पेशी. निदान: पापणीच्या तेलग्रंथींचा कॅन्सर. तुकडा खरवडून काढलेला असल्यानं कडा स्वच्छ आहेत की नाहीत ते सांगता येत नाही. रुग्णास त्वरित पुढील उपचारासाठी पाठवावे.

अहवाल जनावरांच्या दवाखान्याच्या नावानं होता. समीक्षांनी ताराचंदना विचारून प्रियाला फोन केला.

"तुझी शंका बरोबर होती," त्या म्हणाल्या. "पेशी थोड्या आक्रसल्या आहेत, पण केंद्रकं स्वच्छ दिसतात. फॉर्मवर टक्के लिहिलेस ते बरं केलंस. नाहीतर मी त्या आक्रसण्याचा भलताच अर्थ लावला असता."

प्रियानं आईला सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून सांगितलं, आणि तसंच सांगितलं.

मंगलीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे माहाच होता तुकडा?"

"तुझाच."

"पोहोचला?"

"पोहोचला."

"मंग चाल नागपूरले," त्या म्हणाल्या आणि पेटीतून चांगलं लुगडं काढायला उठल्या.

नागपूरच्या तपासण्यांत कानासमोरच्या आणि जबड्याखालच्या गाठी साध्या निघाल्या. खोबणीत काही उतरलेलं दिसलं नाही. पण कातडीत शिरलेल्या पेशी किती दूर गेल्या आहेत ते ऑपरेशन टेबलावरच कळणार होतं. डोळा राहील की काढावा लागेल, तेही. गुरुवारी सकाळी आठची वेळ मिळाली. तयारीसाठी बुधवारी दुपारीच दाखल व्हायचं होतं.

बुधवारी सकाळी, गावात एसटी यायच्या आधी, हवालदार बिसेन यांची मोटारसायकल अंगणात थांबली. अहवालाची प्रत ठाण्यात पोहोचली होती. ठाण्यानं तिच्यातली फक्त पहिली ओळ वाचली होती.

"मंगली उदेभान कोन?" हवालदारांनी विचारलं. प्रियाला ते महिनाभर ओळखत होते, तरी कागदात पाहूनच विचारलं.

"मीच होय."

"जप्त मांस मानवी असल्याचं निष्पन्न झालं. आता तो मानव जिवंत आहे का मेला, ते दाखवा लागते. उद्या अकरा वाजता ठान्यात हजर राहा."

"उद्या माही पापनी कापून राहिले नागपुरात."

"पापनी परवा कापा. उद्या साहेब हाये, परवा बंदोबस्त हाये."

"साहेबाले सांग, परवा मी मेलेली बी असू शकतो. मंग जिवंत कसं दाखवशील?"

उदेभान हसले. हवालदार हसले नाहीत, पण गडबडले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "ठीक हाये," ते म्हणाले. "इथंच जबाब घेतो." ते ओसरीवर बसले आणि सुरेख अक्षरात लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं: मी हयात असून सदर तुकडा माझ्या स्वतःच्या पापणीचा आहे, तो मी स्वखुशीने काढून दिला असून माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.

"तक्रार नाई, हे कोन म्हनलं?" मंगलीबाईंनी विचारलं.

"ते जबाबात असतेच."

"खोड."

"बाई, ते खोडता येत नाई, ते छापल्यासारखं..."

"तू आत्ता हातानं लिहिलं. खोड."

रस्त्याच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. प्रियानं पिशव्या उचलल्या. हवालदारांनी ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. मंगलीबाईंनी कागद चांगल्या डोळ्यासमोर धरला. वाचता त्यांना बेताचंच येत होतं, पण खोडलेलं ओळखू येत होतं.

"आता 'हयात'च्या अगोदर आज लिव," त्या म्हणाल्या.

"आज?"

"आजचं मी सांगू शकतो. फुडचं डॉक्टर सांगल."

हवालदारांनी 'आज रोजी' लिहिलं. मंगलीबाईंनी अंगठा उमटवला आणि त्या बसकडे चालू लागल्या.

गुरुवारी ऑपरेशन साडेतीन तास चाललं. पापणीचा आजारी भाग काढून त्याच्या चार कडा तिथल्या तिथे तपासायला दिल्या. तीन स्वच्छ आल्या. नाकाकडची आली नाही. सर्जननं त्या बाजूनं आणखी दोन मिलिमीटर कापलं आणि पुन्हा पाठवलं. त्या वीस मिनिटांत प्रिया बाहेरच्या भिंतीवरचा हात धुण्याच्या सात पायऱ्यांचा तक्ता पाठ होईपर्यंत वाचत होती. कडा स्वच्छ आली. डोळा राहिला. खालच्या पापणीतून वरची पापणी बनवायची असल्यानं सहा आठवडे तो शिवून बंद ठेवायचा होता.

चौथ्या दिवशी सुट्टी देताना सर्जन पलंगाशी आला. "दर तीन महिन्यांनी मानेच्या गाठी दाखवायच्या," तो म्हणाला. "हा परत येऊ शकतो. पाच वर्षं काही निघालं नाही, तर आपण निर्धास्त."

"पाच साल कवापासून मोजता?" मंगलीबाईंनी विचारलं.

"ऑपरेशनच्या दिवसापासून."

"आन आधीचे दीड साल? ते बी मीच भोगले ना."

सर्जन तरुण होता आणि सरळ होता. "आजी, ते आम्ही धोक्यात धरतो," तो म्हणाला. "मुदतीत धरत नाही."

मंगलीबाईंनी उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"बरं जमवलं तुमी लोकायनं," त्या म्हणाल्या, आणि पायानं पलंगाखालची चप्पल शोधू लागल्या.